लीगमधला फॉर्म कसा वाचायचा? गेलिक फुटबॉलच्या काउंटी संघांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या कॅसलबार गावात आम्ही राहतो. जानेवारी संपत आला की इथे बेकरीत, दवाखान्याच्या बाकावर, शाळेच्या फाटकाशी एकच विषय असतो: काउंटीच्या संघाचे यंदा काय? नव्याने आलेली मराठी मंडळी गोंधळतात, कारण काल जिंकलेल्या संघाबद्दल लोक सुतकी चेहऱ्याने बोलतात आणि हरलेल्या संघाबद्दल म्हणतात, "बरं झालं." तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की शेवटी उत्तरे लिहून काढली. मी मेयोवाला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. उत्तरे त्या हिशोबाने घ्या.

हा फुटबॉल म्हणजे सॉकरच ना?

नाही. एका बाजूला १५ जण, आणि चेंडू हातात घेता येतो. मात्र तो हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळता येत नाही. मग तो जमिनीवर आपटायचा किंवा बुटावर उडवून परत हातात घ्यायचा. बुटावरून उडवण्याला सोलो म्हणतात. गोलपोस्ट एच अक्षरासारखे. आडव्या दांडीखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून गेला तर १ गुण. २०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारून दांडीवरून घातला तर २ गुण मिळतात.

स्कोअर १-१८ असा लिहिला असेल तर एक गोल आणि अठरा गुण, एकूण २१. ही बेरीज बहुतेकदा कुणी लिहून देत नाही. गोलाला तिनाने गुणायची सवय लागायला एक हंगाम जातो.

लीग आणि चॅम्पियनशिप यांत फरक काय?

लीग १९२५-२६ च्या हंगामात सुरू झाली. आज तिचे चार डिव्हिजन आहेत, प्रत्येकात आठ संघ. प्रत्येकाशी एकदाच खेळायचे, म्हणजे सात सामने. त्यातले तीन किंवा चार घरच्या मैदानावर. जिंकले तर २ गुण, बरोबरी झाली तर १. वरचे दोन संघ वरच्या डिव्हिजनमध्ये जातात, खालचे दोन खाली. रणजीतले एलिट आणि प्लेट गट आठवले तर अर्धे काम झाले.

३२ काउंट्या आणि ३२ संघ असा आकडा जुळतो खरा, पण तो योगायोग आहे. किलकेनी ही हर्लिंगवेडी (हर्लिंग म्हणजे काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ) काउंटी या लीगमध्ये संघच उतरवत नाही, आणि तिची जागा लंडन भरून काढते. समुद्रापलीकडच्या स्थलांतरित आयरिश लोकांचा संघ लीट्रिमशी खेळायला येतो, हे मला अजूनही फार आवडते.

चॅम्पियनशिप म्हणजे खरी लढाई. एप्रिलमध्ये प्रांतवार सामने सुरू होतात (कॉनॉट, अल्स्टर, मन्स्टर, लेन्स्टर), मग ऑल-आयर्लंड फेऱ्या, आणि जुलैच्या शेवटी डब्लिनच्या क्रोक पार्कवर सॅम मॅग्वायर करंडकाचा अंतिम सामना. लोक या करंडकाला नुसते 'सॅम' म्हणतात, घरातल्या मुलाला हाक मारावी तसे.

"लीगच तर आहे" असे सगळे का म्हणतात?

कारण ते खरे आहे, आणि कारण तो हरल्यावरचा पांघरूण-मंत्र आहे. दोन्ही.

खरे अशासाठी की जानेवारी-फेब्रुवारीतला संघ अर्धाच असतो. हे खेळाडू हौशी आहेत. मानधन नाही, सोमवारी सकाळी शाळेत, बँकेत, बांधकामावर हजर. ऑल-आयर्लंड क्लब स्पर्धेची शेवटची लढत जानेवारीत होते, त्यामुळे ज्याचा क्लब तिथवर पोचला तो खेळाडू काउंटीला उशिरा मिळतो. विशी-बाविशीतली पोरे त्याच दिवसांत आपल्या विद्यापीठासाठी सिगर्सन करंडक खेळत असतात. एखाद्याच्या मांडीचा स्नायू दोन सामन्यांच्या मध्ये ताणला गेलेला असतो. मॅनेजरलाही सगळे पत्ते उघडे करायचे नसतात.

पांघरूण-मंत्र अशासाठी की जिंकल्यावर हे वाक्य कुणाच्या तोंडी येत नाही. आमचे शेजारचे काका हरल्यावर म्हणतात, "लीगच तर आहे." जिंकल्यावर म्हणतात, "बघितलंस मधल्या फळीचं काम?"

मग लीग जिंकणे चांगले की वाईट?

या प्रश्नावर इथे मैत्री तुटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०२३ मध्ये मेयोने गॉलवेला हरवून लीग जिंकली. तारीख २ एप्रिल. एका आठवड्याने, ९ एप्रिलला, कॅसलबारमध्ये आमच्याच मैदानावर रॉसकॉमनने आम्हाला कॉनॉट स्पर्धेतून बाहेर काढले. करंडकावरचे बोटांचे ठसेही पुसले गेले नसतील. बरे, गोष्ट तिथेही संपली नाही. मे महिन्यात त्याच मेयोने किलार्नीला जाऊन केरीला त्यांच्या अंगणात हरवले, आणि पुढे उपांत्यपूर्व फेरीत डब्लिनने आम्हाला १२ गुणांनी झोपवले. या एका वर्षाचा आलेख काढला तर डॉक्टर दाखल करून घेतील.

२०२४ मध्ये डेरीने डब्लिनला पेनल्टीवर हरवून लीग जिंकली. सगळे म्हणाले, हाच संघ. चॅम्पियनशिपच्या पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर डोनेगॉलने त्यांना ४ गोल घातले. पुढच्या वर्षी डेरी डिव्हिजन १ मधून खाली. गंमत म्हणजे २०१९ मध्ये हीच डेरी डिव्हिजन ४ मध्ये होती. पाच वर्षांत तळातून शिखरावर, आणि मग एका हिवाळ्यात घसरण.

उलट बाजू २०२१ ची. लीगच्या उपांत्य सामन्यात केरीने टायरोनला ६-१५ विरुद्ध १-१४ असे धुतले, म्हणजे १६ गुणांचा फरक. टायरोनचे लोक किलार्नीहून घरापर्यंत गाडीत एक शब्दही बोलले नसतील. त्याच उन्हाळ्यात टायरोनने केरीला ऑल-आयर्लंडच्या उपांत्य फेरीत जादा वेळेत हरवले आणि अंतिम सामन्यात आम्हालाही. आम्हालाच, अर्थात.

एवढे वाचून कुणी म्हणेल की लीगला काही अर्थच नाही. मग केरीकडे बघा: २०२२ मध्ये लीगही आणि सॅमही, २०२५ मध्ये पुन्हा दोन्ही. २०२५ पर्यंत केरीने लीग २४ वेळा जिंकली आहे, दुसऱ्या कुणीही इतक्यांदा नाही. डब्लिनने २०१३, २०१५, २०१६ आणि २०१८ मध्ये दोन्ही उचलले. माझे मत असे: ज्यांच्याकडे माणसे भरपूर आहेत त्यांना लीग जिंकल्याने काही तोटा होत नाही. ज्यांच्याकडे जेमतेम अठरा-वीस विश्वासाची माणसे आहेत, त्यांना लीगचा अंतिम सामना महाग पडतो, कारण त्यानंतर चॅम्पियनशिपला आठवड्या-दोन आठवड्यांचाच अवधी राहतो. म्हणून काही मॅनेजर शेवटच्या फेरीत मुख्य खेळाडू बसवून ठेवतात. उघडपणे कुणी कबूल करत नाही.

तर मग फॉर्म बघताना नेमके काय बघायचे?

गुणतक्ता सर्वांत शेवटी बघायचा. माझी पद्धत, जी मी बहुतांशी काकांकडून उचलली आहे, ती अशी.

आधी खरोखर कोण खेळतोय ते बघा. मॅच प्रोग्रॅममध्ये १ ते १५ नावे छापलेली असतात, पण चेंडू उडायच्या आधी त्यातले दोघे-तिघे गायब होतात आणि २२ किंवा २४ नंबरचा शर्ट मैदानात उतरतो. ही जुनी लबाडी आहे, सगळेच करतात. अनुभवी प्रेक्षक प्रोग्रॅम विकत घेतात आणि पहिल्या पाच मिनिटांत पेनने त्यात खाडाखोड करतात. ती खाडाखोड झाल्याशिवाय निकालावर बोलायचे नाही. समोरच्या संघाचेही तेच. अर्ध्या संघाला हरवून आल्यावर छाती काढून चालण्यात अर्थ नाही.

मग किकआउट. गोलकीपर चेंडू परत खेळात आणतो तो क्षण. आता किकआउट ४० मीटरच्या कमानीपलीकडे जायलाच हवा, त्यामुळे मधल्या पट्ट्यात उंच उड्या मारून चेंडू मिळवणारे पुन्हा मोलाचे झाले आहेत. आपल्या किकआउटपैकी किती आपल्याला मिळाले आणि त्यांच्या किकआउटपैकी किती हिसकावले, एवढे बोटांवर मोजले तरी संघाची तब्येत कळते. काका डाव्या हाताच्या बोटांवर आपले मोजतात आणि उजव्या हाताच्या बोटांवर त्यांचे. मध्येच सँडविच आले की हिशोब चुकतो.

तिसरे, शेवटची दहा मिनिटे. दोन गुणांनी पुढे असलेला संघ चेंडू घेऊन काय करतो? घाबरून मागे मागे देतो की शांत डोक्याने फिरवून फ्री (फ्री किक) मिळवतो? फेब्रुवारीतली घाबरट सवय जुलैपर्यंत जात नाही, हे मी मेयोचा माणूस म्हणून शपथेवर सांगू शकतो.

आणि शेवटचे: नवा कोण सापडला? लीगचा खरा नफा हाच. सात सामन्यांत एक कॉर्नर-बॅक (कोपरा सांभाळणारा बचावपटू) आणि एक पोरगा जो मे महिन्यात बेंचवरून येऊन दोन गुण मारेल, एवढे मिळाले तर पाच पराभवही पचतात. गुणतक्त्यात त्या पोराचे नाव कुठेच नसते.

वाऱ्याचा इतका बाऊ का करतात?

फेब्रुवारीत एकदा इथे उभे राहून बघा, मग विचारा. पश्चिमेकडून अटलांटिकचा वारा येतो, सोबत आडवा पाऊस. पहिल्या अर्ध्यात वारा पाठीशी असलेला संघ मध्यंतराला सहा गुणांनी पुढे असेल तर नवखा माणूस टाळ्या वाजवतो आणि जुना माणूस तोंड वाकडे करतो, कारण त्याच्या मते दहाने पुढे असायला हवे होते. मॅकहेल पार्कवर, म्हणजे कॅसलबारच्या आमच्या मैदानावर, शिरल्या शिरल्या लोक आधी झेंड्यांकडे बघतात, मग संघाकडे.

दोन गुणांचा नियम आल्यापासून हे आणखी वाढले आहे. वारा पाठीशी असला की लांबून मारलेला प्रत्येक चेंडू दुप्पट फळ देतो. लीगमधला मोठा विजय वाचताना त्यातून वारा वजा करायला शिका. उन्हाळ्यात, सुक्या गवतावर, तेवढी मदत मिळत नाही.

नव्या नियमांमुळे जुने आडाखे चुकतात का?

काही प्रमाणात. डब्लिनला सलग पाच वेळा सॅम मिळवून देणारे माजी मॅनेजर जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेले नियम २०२५ च्या लीगपासून लागू झाले. दोन गुणांची कमान, प्रत्येक संघाचे किमान तीन खेळाडू कायम समोरच्या अर्ध्यात, पंचाशी हुज्जत घातली तर चेंडू ५० मीटर पुढे. त्याआधी सगळेच्या सगळे मागे येऊन भिंत उभी करायचे आणि प्रेक्षक थंडीने आणि कंटाळ्याने गोठायचे. आता जागा मोकळी झाली, गुण वाढले, आणि सहा गुणांची आघाडी पूर्वीसारखी सुरक्षित राहिली नाही. त्यामुळे २०२५ च्या आधीच्या आणि नंतरच्या गुणसंख्यांची तुलना करणारा माणूस पबमध्ये भेटला तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

पंचाशी हुज्जत घालण्याच्या नियमाने प्रेक्षकांनाही चाप लागेल अशी माझी भाबडी समजूत होती. लागलेला नाही.

डिव्हिजन २ मधला संघ म्हणजे दुय्यम संघ का?

२०२३ चा सॅम जिंकणारा डब्लिन आणि २०२४ चा जिंकणारा आर्मा, दोघेही त्या वर्षीच्या लीगमध्ये डिव्हिजन २ मध्ये होते. आर्मा तर डिव्हिजन २ चा अंतिम सामनाही हरला, नंतर अल्स्टरचा अंतिम सामनाही हरला, दोन्ही वेळा डोनेगॉलकडून. जुलैत त्यांनी गॉलवेला एका गुणाने हरवून सॅम नेला.

तरी खाली जाणे कुणालाच नको असते, आणि त्याला व्यवहारी कारण आहे. २०२२ पासून खालच्या दर्जाच्या संघांसाठी टेल्टीन करंडक ही वेगळी स्पर्धा आहे. २०२३ ते २०२५ या काळात सॅमच्या १६ जागांपैकी प्रांतिक अंतिम फेरी गाठणाऱ्या आठ संघांना आणि आदल्या वर्षीच्या टेल्टीन विजेत्याला जागा राखीव होती; उरलेल्या लीगच्या क्रमवारीवरून भरायच्या. डिव्हिजन २ च्या तळाशी आणि डिव्हिजन ३ च्या माथ्यावर असलेल्या संघांना म्हणून "लीगच तर आहे" म्हणायची चैन परवडत नाही. त्यांच्यासाठी मार्चमधला एखादा चुकलेला फ्री म्हणजे अख्खा उन्हाळा.

शेवटच्या रविवारी सगळे मैदान सोडून फोनमध्ये का बघतात?

सातव्या फेरीत एका डिव्हिजनचे चारही सामने एकाच वेळी सुरू होतात. कुणी कुठे गोल मारला की इथल्या स्टँडमध्ये कुजबुज उठते. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आपसातला निकाल बघतात, तीन किंवा जास्त असतील तर गुणफरक. म्हणून बारा गुणांनी हरत असलेल्या संघाचे लोकही शेवटच्या मिनिटाच्या एका गुणासाठी घसा फोडतात.

या रविवारचे बादशहा म्हणजे मोनाहन. लहानशी काउंटी, पण २०१५ ते २०२४ इतकी वर्षे डिव्हिजन १ मध्ये चिकटून राहिली, कैकदा शेवटच्या दिवशी जीव वाचवून. २०२२ मध्ये क्लोन्सला त्यांनी डब्लिनला एका गुणाने हरवले. मोनाहन वाचले आणि डब्लिन खाली गेले. २०२३ मध्ये आमच्या मैदानावर येऊन आम्हाला हरवून वाचले. आम्ही आधीच अंतिम फेरीत पोचलो होतो, त्यामुळे राग कुणालाच आला नाही. बाहेर पडताना आमचे लोकच त्यांना शाबासकी देत होते.

लीट्रिमसारख्या लहान काउंटीला लीगचा काय उपयोग?

त्यांना तर लीगच जास्त महत्त्वाची. लीट्रिमची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार ३५ हजारांच्या आसपास, देशात सर्वांत कमी. चॅम्पियनशिपमध्ये गॉलवे किंवा मेयो समोर आले की काय होणार ते पोस्टमनलाही माहीत. लीगमध्ये मात्र बरोबरीचे संघ भेटतात. २०१९ मध्ये लीट्रिम डिव्हिजन ४ मधून वर गेले आणि क्रोक पार्कवर अंतिम सामना खेळले. तो सामना ते डेरीकडून हरले, तरी तिथल्या लोकांच्या बोलण्यात तो दिवस लग्नाच्या वरातीसारखा येतो.

खेळाडूंवर मोठ्याने टीका केली तर चालते का?

जपून. इथे दोन्ही संघांचे प्रेक्षक वेगळे बसवत नाहीत, सगळे मिसळून बसतात. त्यात खेळाडू विकत घेणे नसते. ज्या काउंटीतल्या क्लबात वाढलास तिच्यासाठी खेळायचे. म्हणजे मैदानावर चेंडू सोडणारा मुलगा कुणाचा तरी भाचा असतो, आणि ती मावशी बहुधा तुमच्या मागच्याच ओळीत असते. मी पहिल्या वर्षी एका फॉरवर्डला उद्देशून "याला बसवा रे" असे मराठीत ओरडलो. मराठी कुणाला कळणार, असा हिशोब होता. मागच्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून शांतपणे विचारले, "काय म्हणालात?" तो त्यांचा मुलगा होता. मध्यंतरात त्यांनीच फ्लास्कमधला चहा दिला, तेव्हा अधिकच लाज वाटली.

मॅनेजरवर मात्र सगळे तुटून पडतात. त्यावर बंदी नाही.

मेयोची माणसे जिंकल्यावरही इतकी धास्तावलेली का असतात?

आमचा शेवटचा सॅम १९५१ चा. त्यानंतर १९८९ पासून २०२१ पर्यंत आम्ही अकरा वेगवेगळ्या वर्षी अंतिम फेरीत पोचलो आणि एकदाही जिंकलो नाही. अशा घरात वाढलेले लोक चांगल्या बातमीकडेही संशयाने बघणारच. २०२५ मध्ये लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो, केरीकडून हरलो. मग कॉनॉटचा अंतिम सामना गॉलवेकडून दोन गुणांनी हरलो, कॅव्हनकडून घरच्या मैदानावर हरलो, आणि लगेच ओमाला जाऊन टायरोनला हरवले. शेवटी डोनेगॉलने शेवटच्या क्षणी मारलेल्या एका गुणाने हंगाम संपवला. यातून लीगच्या फॉर्मचा काय अर्थ काढायचा, हे ज्याला कळले असेल त्याने मला येऊन सांगावे.

पहिल्यांदाच सामन्याला जायचे आहे. काय करू?

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. फाटकावर रोख चालेल असे धरून जाऊ नका. थर्मल, टोपी, आणि छत्रीऐवजी रेनकोट, कारण छत्री उघडली की मागची पूर्ण ओळ नाव ठेवते. पोहे नेले तरी चालतात. आमच्या ओळीत आता ते अपेक्षित असतात. घरी बसून बघायचे असेल तर टीजी४ वाहिनीवर बरेच सामने दिसतात. समालोचन आयरिश भाषेत असते, पण वाईड आणि फ्री कळायला भाषा लागत नाही.

गाडी कुठे लावायची?

मैदान गावातच आहे, त्यामुळे जवळ जागा मिळणार नाही. तासभर आधी या, दूर लावा, चालत या. आणि कुणाच्या फाटकासमोर लावू नका. काकांच्या तर नकोच.